वरचा आणि खालचा

आमच्या खाली राहणारे बापू रोज सकाळी सात वाजता फोनवर माझ्या कागाळ्या करतात, अशी माझी कित्येक महिने समजूत होती. आवाज असा की आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत गजर लावायची गरज नाही. "वरचा आज लई चढलाय," ते ओरडायचे. "खालचा गप हाय."

आता वर मी राहतो, खाली ते. मी मुकाट्यानं घरात चप्पल घालायचं सोडलं, सकाळचा रेडिओ बंद केला. तरी वरचा चढलेलाच.

मग एकदा "वरचा एकशेसाठ" असं ऐकलं. माझं वय, वजन, पगारवाढ, काहीच त्या आकड्याला जुळेना. शेवटी खाली जाऊन बघितलं. बापू दंडाला मशीनचा पट्टा बांधून कागलच्या अक्कांना, म्हणजे थोरल्या बहिणीला, आपला रक्तदाब सांगत होते.

बापू एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. आजार कबूल करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "मला काय धाड भरलीय? बीपी अक्काला हाय. ती एकटी गोळी घेत न्हाय, म्हणून सोबत करतो. विषय संपला की."

ही सोबत बघण्यासारखी असते. "हातात घेतलीस? टाक तोंडात. आ कर बघू." फोनवर आ. पलीकडून कुडुमकुडुम आवाज येतो, मग बापू स्वतःची गोळी गिळतात आणि लोणच्यावरून अक्कांना झाडतात.

एकदा मी समोर चहा पीत असताना फोनच्या स्पीकरवरून अक्का म्हणाल्या, "माझा आज वरचा नव्वद, खालचा दीडशे." वरचा आकडा मोठा असतो, हे एव्हाना मलाही कळत होतं. बापूंनी फोनकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाले, "बरं. मीठ कमी कर."

पुढच्या आठवड्यात मी कामासाठी कागलला निघालो, तर बापूंनी अक्कांसाठी गूळ दिला. अक्का सत्तरीच्या, पण चांगल्या काटक. मी तब्येत विचारली, तशी त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "मला कसला बीपी? बायको गेल्यावर बापूनं गोळ्या सोडल्या हुत्या. म्हणून मला बी झालाय म्हणलं. तो आ कर म्हणला की मी खडीसाखर टाकते. त्याला कळू दिऊ नका, न्हाईतर परत सोडंल." आणि माझ्या हातावरही चार खडे ठेवले.

परत आलो तो चेहरा शक्य तितका कोरा ठेवून. बापू मशीन पुसत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "खडीसाखर दिली का तुम्हाला, सर?"

मीच उलट विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच. गोळी कुडूम वाजती व्हय?"

"मग सांगत का नाही?"

बापूंनी पट्ट्याची नीट घडी घातली. "सांगितलं तर ती फोन बंद करंल. मग सकाळी बोलायला मला कोण हाय?"

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता खालून आवाज आला, "अक्का, आ कर बघू." रेडिओकडे गेलेला हात मी मागे घेतला. वरचा त्या दिवशी अगदी गप होता.