तळपाय बघणारे वैतीकाका

वैतीकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पूजा असली आणि दाराबाहेर कुणी चपला काढू लागलं, की काका मान तिरकी करून त्याचा तळपाय न्याहाळायचे. "जरा उलटा कर बघू" हाच त्यांचा नमस्कार. बायका त्यांना बघून साडी पायांवर ओढून घ्यायच्या.

काका मूळचे कोपरीच्या कोळीवाड्यातले. नव्वद सालच्या आसपास ते मुंबईत एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या लशीसाठीचे उंदीर सांभाळत. ते काम त्यांनी आम्हाला कितीदा तरी समजावलेलं. "रक्तात वॉचमन असतात रे. बाहेरचा जंतू आला की धरतात. पण कॅन्सर पडला सोसायटीचाच मेंबर. वॉचमन त्याला सलाम ठोकतो." कातडीला रंग देणाऱ्या पेशी बिघडल्या की त्यांच्या अंगावर काही खुणा दिसतात. त्या वॉचमनला शिकवायच्या, म्हणून आधी मारलेल्या पेशी उंदराला टोचायच्या, मग जिवंत. "काही उंदीर ओळखतात, काही नाही ओळखत. का, ते साहेबांनाही ठाऊक नाही." न ओळखणारा उंदीर मेला, की त्या दिवशी हा कोळीवाड्यातला माणूस मासे खात नसे.

गणपतीत मी त्यांची नक्कल केली. स्टेजवर एकेकाचा पाय उचलून "वॉचमन झोपला रे" म्हणालो. बिल्डिंग पोट धरून हसली. पहिल्या रांगेत बसलेले काकाही हसले, निदान मला तसं वाटलं.

दिवाळीत ते फराळाला आले, तेव्हा आईच्या टाचेवरचा काळा डाग त्यांना दिसला. तीळ आहे, हल्ली जरा पसरलाय, असं आई म्हणाली. काकांनी मला बाजूला घेऊन तिला उद्याच मोठ्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं.

"काका, तुम्ही उंदीर बघा," मी म्हणालो.

त्यानंतर रोज सकाळी स्टेशनला जाताना ते आमच्या दारात थांबून एवढंच विचारायचे, "नेलंस का?" चौथ्या दिवशी मी वैतागून सेक्रेटरीकडे गेलो आणि तक्रार केली, की हे गृहस्थ बायकांचे पाय बघत फिरतात. ते वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात. सेक्रेटरींनी काकांना समज दिली. ते आमच्या दारात थांबेनासे झाले.

शेवटी आईच मला न सांगता त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेली. डाग कॅन्सरचा निघाला. माणसांसाठी लस अजून कुठे होती? टाचेचा तुकडा काढावा लागला, पण वेळेत काढला. आई वाचली.

माफी मागायला मी काकांच्या खोलीत गेलो. काकांनी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरेच बोलू लागले. त्यांची बायको याच रोगाने गेली होती. इतक्या वर्षांत आम्ही कुणी ते विचारलंही नव्हतं.

"तिचे पाय मी रोज चेपायचो," ते म्हणाले. "डाग रोज बघितलेला. तीळ समजलो. दिवसभर उंदरांच्या अंगावरच्या गाठी मापून वहीत लिहायचो, आणि घरी मला कळलं नाही."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. मग जरा घुटमळून विचारलं, "वहिनींना बघायला येऊ का एकदा? तू हो म्हणालास, तरच येईन."

मला मान वर करता आली नाही.