आईचा किल्ला, लिनक्सवर

लिनक्सची तीनशे मशीन्स मी एकट्याच्या जिवावर चालवतो, त्यामुळे बाबांचा जुना गेम चालू करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! चिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडायच्या सणाला, आईची कबर झाडून च्यायी शहरातल्या घरी परतताना मी बाबांना हे छातीठोकपणे सांगितलं.

गेम अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा, तीन राज्यांच्या लढाईचा. आधी आपली चाल, मग शत्रूची. एक चाल म्हणजे एक महिना. आईबाबा जेवणं झाली की तो मिळून खेळायचे. त्यात आपला सरदार आपण बनवता यायचा, म्हणून बाबांनी आईच्याच नावाची सरदारीण केली होती: त्साई पी-युन, शौर्य नव्याण्णव, नदीकाठच्या किल्ल्याची मालकीण! आई गेली आणि तो अर्धा डाव फ्लॉपीवर तसाच राहिला.

"एकदा तिला बघायचंय," बाबा म्हणाले. "बाकी काही नको."

"दहा मिनिटं द्या फक्त!"

दहा मिनिटांचे चार तास झाले. फ्लॉपीनं एकदाच डाव कॉपी करून दिला आणि मान टाकली. लिनक्सवर जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम बसवला, तर सगळ्या चिनी अक्षरांचे चौकोन झाले.

"हे काय वाचायचं?"

"फॉन्ट नाहीये, बाबा."

"तू इंजिनिअर ना रे?"

अक्षरं आली तर माऊस गेला. माऊस आला तर आवाज असा, की शेजारच्या लिन मावशी दारात येऊन म्हणाल्या, "बदक कापताय का?" शेवटी मशीनच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. हसू नका! त्याच्या नावाचा अर्थच 'शहाणं बाळ', म्हणून आमच्याकडे भलेभले इंजिनिअर ठेवतात, मशीन गुणी वागतं.

"मुदत बघितलीस का?" बाबांनी चष्मा लावून पाकीट उलटंपालटं केलं. "मुदत संपलेलं ठेवलं तर भलतंच होतं."

मुदत होती. आणि गेम चालला! पडद्यावर नदी, किल्ला, किल्ल्यावर आई. बाबांनी पडद्याला बोट लावलं. मलाच भरून आलं.

तिथेच थांबलो असतो तर! पण ऑफिसची सवय. नवीन काही बसवलं की ते अर्धा तास पूर्ण वेगात एकटं पळवायचं; टिकलं तर पास. मी सगळी राज्यं कॉम्प्युटरच्या हवाली केली, वेग शेवटपर्यंत वाढवला, "कशालाही हात लावायचा नाही हं!" असं बाबांना बजावलं आणि टर्कीच्या मांसाचा भात आणायला गेलो.

परत आलो तर बाबा तसेच बसलेले, हात मांडीवर. पडद्यावर चाळीस वर्षं उलटून गेलेली. किल्ल्यावर कोणी भलताच मिशीवाला.

"आई कुठंय?"

"वारली. म्हातारपणानं. एक ओळ आली आणि गेली."

"अहो, मग बंद का नाही केलंत!"

"हात लावायचा नाही म्हणालास ना."

दर नव्या वर्षाला हा गेम आपणहून डाव जतन करतो, तोही जुन्यावरच! ऑफिसात बॅकअपचाही बॅकअप घेणारा मी, इथे एकही घेतला नव्हता. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"चुकलो, बाबा."

"असू दे." बाबांनी डबा पुढे ओढला. "ती खरी गेली, तेव्हाही तू दवाखान्याच्या खाली भातच आणायला गेला होतास."

झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं.

"मुळ्याचं लोणचंही तेव्हा असंच विसरला होतास."