माशीच्या जागेवर यादवराव

उजाडलं की यादवराव घाटे लोकांच्या परसात शिरत. विचारत नसत. कुंपणाची काठी बाजूला सारून सरळ आत. धोतरावर ऑफिसचा काळा कोट, डोक्यावर टोपी आणि हातात कोहळ्याचं एक पिवळं फूल. नागपुरात आम्ही लाल भोपळ्याला कोहळं म्हणतो. महालातल्या आमच्या गल्लीत त्या काळी कोहळ्याचा वेल नाही असं घर नव्हतं. यादवराव प्रत्येक वेलावर ओणवे होत, पानं वर करून फुलांत डोकावत आणि हातातलं फूल एखाद्या फुलाला हळूच टेकवत. मग कमरेवर हात ठेवून उभे राहत, एक सुस्कारा सोडत आणि पुढच्या घराकडे निघत.

पहिल्या दिवशी ते गिरजाबाईच्या परसात शिरले होते. गिरजाबाई आमच्या शेजारची कोष्टीण. पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचा माग आणि मागच्या अंगणात तिचा वेल. ती हातात खराटा घेऊनच बाहेर आली.

"काहून जी, आमच्या वेलात काय करून राहिले तुमी? मले वाटलं कोणी कोहळं चोराले आलं."

"बाई, कोहळं असतं तर चोरलं असतं," यादवराव ओणव्यानंच म्हणाले. "धरूनच नाही राहिलं, म्हणून तर आलो."

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. मी शाळामास्तर, त्यामुळे मला जरा सविस्तर खुलासा मिळाला. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या देठाशी बोराएवढं कोहळं आधीच असतं. नराची भुकटी मधमाशीच्या पायाला लागून मादीपर्यंत पोचली तर ते वाढतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. हे त्यांनी कुठल्याशा माळ्याकडून शिकून घेतलं होतं.

"मास्तर, जागा रिकामी ठेवता येत नाही," ते म्हणाले. "माशी येऊन नाही राहिली. तोवर मी तिचं काम पाहून राहिलो. ऑफिशिएटिंग."

"जमतं का?"

"ती उडत करायची, मी ओणव्यानं करतो. दिवस संपला की कंबर माझी राहत नाही."

यादवरावांचं सगळं आयुष्य सेक्रेटरिएटमध्ये गेलं होतं. राजधानी नागपुरातून गेली त्याच साली ते पेन्शनीत निघाले. त्यांचा एकुलता मुलगा त्याच खात्यात होता. तो फायलींबरोबर भोपाळला गेला. घरात यादवराव आणि त्यांची बायको उरली. तिला सगळी गल्ली माई म्हणायची. यादवरावांची भाषा मात्र ऑफिसातच राहिली. गिरजाबाईच्या वेलाला नर फुलं फार आणि आमच्या वेलाला कमी, म्हणून तिकडचं फूल इकडे आणताना ते "ह्याची बदली झाली" म्हणत. मिटलेल्या फुलाला "ऑफिस बंद" म्हणत. पाऊस पडत असेल तर डोक्यावर पोतं घेऊन येत आणि भुकटी भिजली म्हणून आमच्या पायरीवर हताश बसून राहत. आमची ही त्यांना चहा देई. चहा अर्धा झाला की एकच वाक्य ठरलेलं, "थकून गेलो मास्तर."

लोक हसायचे. काही चिडायचेही. समोरच्या एका गृहस्थांनी कुंपणाला काटेरी फांद्या लावल्या. यादवरावांनी त्या घराचा वेल सोडला नाही. बाहेरून हात घालून जेवढी फुलं पोचतील तेवढी ते करत, आणि कोटाची बाही फाडून घेत.

माश्या गेल्या कशा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. चौकातल्या मोठ्या चिंचेवर मोहोळ असायचं. रस्ता रुंद करताना चिंच गेली. गल्लीमागच्या मोकळ्या जागेत तरोटा आणि रानतुळस माजायची, तिथे घरं उठली. राहता राहिल्या त्या छोट्या माश्या. त्या घाट्यांच्या स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीत, विटा निसटून झालेल्या पोकळीत राहत. माई तिथे भांडी घासत बसायची, त्या तिच्या डोक्यावरून ये-जा करत. कधी चावल्या नाहीत.

पण माईला दर आश्विनात हिवताप यायचा. येऊन जायचा नाही, येऊन राहायचा. अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या तरी तिची खाट वाजायची. यादवराव रजा टाकून उशाशी बसत. एका वर्षी तर ती वाचत नाही असंच सगळ्यांना वाटलं. म्हणून पाठीवर डीडीटीचे पंप घेतलेले सरकारी फवारणीवाले गल्लीत पहिल्यांदा आले, तेव्हा सर्वांत पुढे यादवराव होते. त्यांनीच घरोघर जाऊन लोकांना भांडीकुंडी बाहेर काढायला लावली. गिरजाबाईचा नवरा मागावरच्या सुतासाठी हटून बसला, तर यादवरावांनी स्वतःची चादर आणून त्या सुतावर टाकली. आपल्या घराशी आल्यावर त्यांनी ती बाहेरची भिंतही दाखवली. म्हणाले, एक कोपरा राहू देऊ नका.

त्या आश्विनात माईला ताप आला नाही. पुढच्याही नाही. ढेकूण गेले, डास गेले, गल्ली निवांत झोपू लागली. भिंतीखाली मात्र माश्यांचा सडा पडला होता. माईनं तो झाडून काढला. त्यानंतर गल्लीतल्या वेलांना फुलं भरभरून आली आणि कोहळं एकही धरलं नाही.

यादवरावांनी डीडीटीला कधी शिवी दिली नाही. एकदा मी सहज विषय काढला तर म्हणाले, "मास्तर, माझी बायको उठून भाकरी करून राहिली. मी कोणत्या तोंडानं तक्रार करू?" आणि फूल घेऊन उठले.

त्यांच्या मेहनतीनं त्या वर्षी थोडी कोहळी धरली. पुढल्या पावसाळ्यातही हाच क्रम. मग श्रावणात एक दिवस ते आलेच नाहीत. मी चौकशीला गेलो, तर ते परसात दगडावर बसलेले. बोटानं मला भिंत दाखवली. पोकळीच्या तोंडाशी चार-दोन माश्या घुटमळत होत्या. आतून बारीक गुणगुण येत होती.

"कुठून आल्या?"

"काय माहीत. आपणहून रुजू झाल्या." ते हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "आता झोपतो मी थोडे दिवस."

आणि खरंच, पुढे कित्येक सकाळी ते दिसले नाहीत. गिरजाबाईला चुकल्यासारखं झालं. "म्हातारा येऊन नाही राहिला वं," ती आमच्या हिला म्हणाली.

भाद्रपदात फवारणीवाले पुन्हा आले. ह्या खेपेला यादवराव पुढे नव्हते. ते आपल्या भिंतीपाशी उभे होते, कोट घालून. गल्लीला वाटलं, आता भांडण होणार. चार माणसं बघायला जमली, त्यांत मीही होतो.

"ही एवढी भिंत सोडता येईल का?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

मुकादम माणूस बरा होता. त्यानं वाकून माश्या पाहिल्या. "सोडतो जी. बाहेरचीच तर आहे. पण एक सांगा, घरात कोणाले हिवताप येऊन गेला काय?"

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोण बघायला येणार होतं? यादवरावांनी घराकडे पाहिलं. आत माई भांडी आवरत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"येऊन गेला," ते म्हणाले. "मारा. आतलं नीट मारा, आणि हीपण मारा. डास इथंच बसतात."

ते तिथून हलले नाहीत. पंप चालला तेव्हाही उभेच होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडे डोकावलो. ते बाजारात गेले होते. परसात माई होती, वेलाशी वाकलेली. हातात फूल होतं, ते कुठे टेकवायचं हे तिला नीट कळत नव्हतं.

"हे म्हणाले, माश्या आपणहून उडून गेल्या," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "म्हणाले, कुठे बरी जागा मिळाली असेल त्यांना. मी बरं म्हटलं."

मी पान वर करून तिला मादी फूल दाखवलं.

"मी दाराआडच होते, मास्तर. सगळं ऐकलं. पण त्यांना वाटतं, मला ठाऊक झालं तर मी मनाला लावून घेईन, माझ्यापायी झालं म्हणून." तिनं फूल पदराला पुसलं. "तुम्हाला काही विचारलं तर तुम्हीपण उडून गेल्या असंच म्हणा."

संध्याकाळी यादवराव आमच्या पायरीवर येऊन बसले. चहा घेतला. थकलो म्हणाले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "माई काही म्हणत होती का?"

"माश्या उडून गेल्या म्हणाली."

"विश्वास बसला तिचा?"

"बसला."

त्यांनी मान हलवली. कप खाली ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. "बरं झालं," म्हणाले, आणि हळूहळू घराकडे गेले.