नाक वर करून चर्चला

गाडीची काळजी सोड, असं मी ओल्गाताईला छातीठोकपणे सांगितलं. मुलगी पंधरा वर्षांची झाली की आमच्याकडे लग्नाइतका थाट. केकचा खर्च एका नातेवाइकाचा, झग्याचा दुसऱ्याचा, बँडचा तिसऱ्याचा. भाची यारेत्सीच्या समारंभात गाडी माझी! आजोबांची जुनी, लांबलचक गाडी. बटण दाबलं की पुढून उसळते. तिला उसळवणारा पंप मी स्वतः बसवलाय, हे तेवढं सांगायचं राहिलं.

आधी भाचीला अख्खं शहर फिरवायचं, मग बाराच्या प्रार्थनेला चर्च, असा बेत होता. पण आमचं साउथ टुसान म्हणजे टुसान या मोठ्या शहराच्या पोटात बसलेलं मैलभराचं शहर. पहिलं गाणं संपण्याआधी शहर संपलं. म्हणून मागे ताई, पाहुणे आणि बँड अशी वरात घेऊन पुन्हा फिरलो. मग आणखी एकदा. हद्दीवरच्या टाकोवाल्यापाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्या की माझं बोट माझं राहत नाही.

गाडीचं नाक वर गेलं. आणि वरच राहिलं. इंजिनही बंद. शिंक अर्ध्यात अडकलेल्या माणसासारखी गाडी रस्त्यात उभी. पुढची सीट मागे सरकली, मागे बसलेल्या यारेत्सीचा झगा अडकून फुगला आणि ती त्यात बुडाली. वर फक्त मुकुट.

"मामा," मुकुट म्हणाला, "मला नुसतं आभाळ दिसतंय."

ताई धावत आली आणि पांढरीफटक पडली. "फेर्मीन, गाडीचं नाक आपल्या शहरात आणि माझी पोरगी टुसानमध्ये?"

बारा वाजता फादर दार लावणार, कारण पाठोपाठ दुसऱ्या मुलीचा समारंभ. टाकोवाला म्हणाला, झगा कापून पोरीला बाहेर काढू. झगा एदुविखेसमावशीने दिलेला. तिने त्याच्या सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कापायचंच असेल तर आधी याला काप."

शेवटी बँडवाल्यांनी ट्रम्पेट माझ्या मांडीवर ठेवले आणि गाडी ढकलायला घेतली. मागून सगळे पाहुणे. मी स्टिअरिंग धरून आभाळाकडे बघत होतो. रस्ता दिसतच नव्हता.

फादरांचा हात दारावर होता. नाक वर करून येणारी गाडी पाहून ते तिथेच थिजले. तेवढ्यात पंपाने दीर्घ सुस्कारा सोडला आणि गाडी त्यांच्यापुढे धाडकन वाकली. फादरांनी छातीवर क्रूस काढला. सीट पुढे सरकली, मुकुट उडून आधी चर्चमध्ये गेला, मागून यारेत्सी. वेळेत!

पुढच्या वर्षी धाकट्या भाचीचा समारंभ. ताईने या वेळी गाडीऐवजी कागदी रुमाल माझ्या वाट्याला दिलेत. मी म्हणालो, त्यातही काहीतरी करून दाखवतो.

तिने रुमाल परत घेतले.