शिक्का नसलेली फाईल

मला शिकवणार? मला? अहो, सव्वीस वर्षं लोकांची दुःखं फाईलला टाचून टाचून माझ्या बोटांची चाळण झालीय! समाजकार्याच्या नोकरीत केस पिकलेला माणूस मी. दारातून आत येणाऱ्याच्या नुसत्या चपला बघून सांगतो, घरात भांडण आहे की आजारपण! आणि आता ऑफिसनं आम्हाला तीन दिवसांचं केस मॅनेजमेंटचं प्रशिक्षण लावलं. शिकवायला कोण, तर माझ्या मुलीच्या वयाची प्रशिक्षिका! मी हाताची घडी घालून मागच्या बाकावर बसलो.

"एकटी राहणारी एक काल्पनिक व्यक्ती घ्या," ती म्हणाली. "मधे तिचं वर्तुळ काढा, भोवती तिची माणसं. जवळच्याला जाड रेघ, लांबच्याला तुटक. किमान चार माणसं हवीत, फोन नंबरासकट. आणि वर 'सराव' असा शिक्का मारायला विसरू नका."

"शिक्के नवशिक्यांना हो!" मी म्हणालो. "आमच्या फाईली तशाच ओळखू येतात!"

सगळे हसले. मी खूश!

आता काल्पनिक माणसासाठी डोकं कोण शिणवणार? मी माझाच पत्ता टाकला. नाव: श्री. अ. वय सत्तावन्न, बायकोला जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी परगावी. माणसं भरायला मोबाईल उघडला. मुलगी लिहून झाली. मग? यादी तीनदा खालीवर केली. शेवटी सापडले इस्त्रीवाला, औषधवाला आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. भरले एकदाचे चार! चौघांनाही चांगल्या जाड रेघा मारल्या. काल्पनिकच तर होतं.

ऑफिसात यातलं कुणाला काही ठाऊक नाही हं! तिथे मी रोज सांगतो, "घरी काय विचारता, माणसांचा नुसता राबता!" लोकांची कीव करायचा मला पगार मिळतो. माझी कुणी केली, तर मला ते झेपायचं नाही.

पुढच्या सोमवारी साहेबांनी बोलावलं. "एक केस आलीय. एकटे गृहस्थ आहेत. कारकुनानं त्यांच्या माणसांना बोलावून घेतलंय. बैठक तुम्ही चालवा. ही फाईल वाचून घ्या."

"वाचायचं काय त्यात? माणसाचं तोंड बघितलं की झालं!"

ऐटीत दार ढकललं, तर समोर माझा इस्त्रीवाला! शेजारी औषधवाला! आणि काकू, नाकाला रुमाल लावून!

"अगं बाई, हे तर धडधाकट आहेत!" काकू किंचाळल्या. "फोनवर म्हणाले, खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांसाठी तातडीची बैठक आहे. मी मेली कालपासून रडतेय!"

कोपऱ्यात, बैठक बघायला आलेली प्रशिक्षिका बसली होती. तिनं फाईलच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिक्का नव्हता. कारकुनानं माझा सराव खऱ्या फाईलींत नोंदवून टाकला होता! माझे कान तव्यासारखे तापले.

"ही मंडळी तुम्हाला कशी ओळखतात?" साहेबांनी विचारलं.

"समाजात वावर आहे ना माझा!"

"वावर?" औषधवाला म्हणाला. "साहेब, हे रोज संध्याकाळी येतात. खोकल्याची एकच गोळी घेतात आणि अर्धा तास बोलत उभे राहतात. चार महिने झाले, एकदाही खोकलेले नाहीत!"

"आणि शर्ट एकेक करून आणतात," इस्त्रीवाल्यानं री ओढली. "म्हटलं, एकदम आणा की! तर म्हणतात, जड होतं."

सगळे हसले. मग कुणीच हसेना. तेवढ्यात टेबलावरच्या फोनमधून माझ्या मुलीचा आवाज आला. कारकुनानं तिलाही जोडलं होतं, गाढवानं!

"बाबा? तुम्ही तर म्हणता, घरात पाय ठेवायला जागा नसते!"

मला खरोखरच खोकला आला. औषधवाल्यानं मुकाट्यानं खिशातून गोळी काढून दिली.

काकू फाईलमधला कागद निरखत होत्या. "ही जाड रेघ म्हणजे मी? अहो, दोन वर्षांत मी तुमच्याशी फक्त कुंडीच्या पाण्यावरून भांडलेय!"

"तुम्ही निदान भांडलात तरी," मी म्हणालो. बोललो आणि डोळे भरून आले. साहेबांसमोर! सव्वीस वर्षांची अब्रू पाण्यात!

साहेब बिचारे खिडकीबाहेर बघत बसले. मग बैठकीत ठरलं, आणि माझ्याच हातानं मी लिहून घेतलं: काकू रोज सकाळी जिन्यातून हाक मारतील. मुलगी रविवारची वाट न बघता फोन करील. इस्त्रीवाला दर बुधवारी कपडे न्यायला घरी येईल आणि चहा घेऊनच जाईल.

सगळे गेल्यावर प्रशिक्षिका हळूच म्हणाली, "सर, ही सरावाचीच फाईल ना? तुम्हाला नको असेल, तर शिक्का मारा. केस रद्द होईल."

"शिक्का सापडत नाहीये," मी म्हणालो.

"नीट शोधा. घाई नाही," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत माझ्या हातून ऑफिसची टाचणीसुद्धा हरवलेली नाही! शिक्का माझ्याच खणात आहे, कागदांच्या तळाशी. कुठे बोलू नका!

आज बुधवार. इस्त्रीवाला इतक्यात येईल, आणि घरात इस्त्रीला टाकण्याजोगा एक कपडा नाही! म्हणून कपाटातले चार कडक इस्त्रीचे शर्ट बाहेर काढलेत आणि गेला तासभर त्यांच्यावर बसून हे लिहितोय.