गाडी किती देते?

हरिओमनं स्वतःच्याच मोटारसायकलची हवा सोडली आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागं वळून बघितलं. अंगणात दोन कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं. मग त्यानं ब्रेक चाकाला घासेल इतका आवळला, चेन ताणली आणि एअर फिल्टर उघडून त्यात जुन्या बनियनचा बोळा कोंबला. एवढं करूनही त्याचा जीव थाऱ्यावर येईना. गाडी खराब तर झाली, पण पुरेशी खराब झाली का, या काळजीनं त्याला त्या दिवशी जेवणही गेलं नाही.

हरिओम पाटोद्यात एका दूध कंपनीचा सुपरवायझर. स्वतःच्या गाडीवर गावोगाव फिरून दूध संकलन केंद्रं तपासायची, हे त्याचं काम. पेट्रोल सत्तरच्या घरात होतं तेव्हा कंपनीनं किलोमीटरमागे जो भत्ता ठरवला, तोच पेट्रोल शंभरीपार गेल्यावरही चालू होता. सगळ्यांनी ओरड केली तेव्हा कंपनीनं नवा नियम काढला. ज्याची गाडी जास्त पेट्रोल पिते, त्याला जास्त भत्ता. त्यासाठी बीडच्या ऑफिसातले तांदळे साहेब गुरुवारी येऊन गाडीचं अ‍ॅव्हरेज मोजणार होते, आणि पहिला नंबर हरिओमच्या गाडीचा होता.

इथंच घोडं पेंड खात होतं. या भागात दोन गाडीवाले भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी "किती देती?" असं विचारतात, आणि त्याचं खरं उत्तर कुणीच देत नाही. हरिओमची गाडी पन्नासच्या आसपास द्यायची. तो गेली सहा वर्षं "पंचाहत्तर" सांगत आला होता. गावाला सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि एका लग्नाच्या पंगतीत दिंद्रुडच्या साडूला, म्हणजे शहादेवलाही सांगितलं. पेट्रोल महागलं तशी शहादेवच्या डोक्यात ती पंचाहत्तर जाऊन बसली. त्यानं हरिओम म्हणेल त्या किमतीत गाडी घ्यायचं कबूल केलं आणि इसारही दिला. शनिवारी तो गाडी न्यायला येणार होता.

हरिओमचा बेत साधा होता. गुरुवारी साहेबासमोर गाडी पेट्रोल पिताना दाखवायची, शुक्रवारी कोपऱ्यावरच्या म्हाळू मेकॅनिककडून नीट करून घ्यायची, शनिवारी साडूच्या गळ्यात मारायची. वाढलेला भत्ता आपला, आलेले पैसे आपले, आणि दोन्हींच्या जिवावर शोरूममध्ये बघून ठेवलेली लाल गाडीही आपलीच. दीपमालेला यातलं काही सांगायची सोय नव्हती, कारण पंचाहत्तर तिलाही सांगितलेली होती.

गुरुवारी सकाळी साहेबांना आणायला तो स्टँडवर चालतच गेला. गाडीची खराबी उगाच वाटेत वाया जायला नको. एसटी भरपूर उशिरा आली.

"किती देते गाडी?" तांदळे साहेबांनी उतरल्या उतरल्या विचारलं.

"पंचा..." हरिओमच्या तोंडून सवयीनं निघालं. त्यानं ते खोकल्यात बुडवलं. "पंचेचाळीसच्या खालीच, साहेब. लई पेती."

घरी आल्यावर दीपमाला चहा घेऊन हसतच बाहेर आली. "आवं, गाडी बगितली का? मी म्हनलं..."

"बगतो, बगतो. तू आत जा आदी," हरिओमनं तिला वाटेला लावलं.

साहेबांनी टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, बाटलीनं मोजून अर्धा लिटर परत ओतलं, आणखी अर्धा लिटर परतीसाठी बाटलीत बरोबर घेतलं आणि चाक दाबून म्हणाले, "हवा एकदम टाइट आहे."

या माणसाला हवेतलं काही कळत नाही, हे बघून हरिओमला बरं वाटलं.

दोघं बीडच्या रस्त्याला लागले. गाडी भलतीच हलकी पळत होती, हे हरिओमच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं दुसरा गिअर टाकून ती रेटली. "चौथा टाका की," साहेब मागून म्हणाले. त्यानं हळूच ब्रेकवर पाय ठेवला. "पाय काढा ब्रेकवरून," साहेब म्हणाले. आता बंद पडेल, त्या लिंबाशी बंद पडेल, निदान चढावर तरी दम टाकेल, असं म्हणत तो प्रत्येक झाडाकडे आशेनं बघत होता. लोक गाडी बंद पडू नये म्हणून देवाला हात जोडतात. यानं उलटं मागणं मागितलं, आणि देवाला ते बहुधा नीट ऐकू गेलं नाही. मांजरसुंबा मागं पडलं तरी गाडी पळतच होती. शेवटी कपिलधारच्या फाट्यावर तिनं मान टाकली.

"अडतीस," साहेबांनी मीटर वाचलं. "म्हणजे लिटरला शहात्तर!"

"मीटर बिघडलंय, साहेब."

"आणि रस्त्याकडेचे दगडही बिघडलेत का?" साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "गाडी नीट ठेवली तर किती देते, हे कंपनीला दाखवायचंच होतं. सगळ्या तालुक्याचा भत्ता आता तुमच्या गाडीवरून ठरवतो."

बाटलीतलं अर्धा लिटर हरिओमच्या हवाली करून साहेब कपिलधारला दर्शनाला निघून गेले. ही बातमी त्यांनी कधी कळवली कोण जाणे, पण हरिओमचा फोन वाजायला लागला. बाकीच्या सुपरवायझरांची नावं एकामागून एक झळकत होती. त्यानं एकही फोन उचलला नाही.

परतीच्या वाटेवर मात्र त्याला हळूहळू उभारी आली. भत्ता गेला तर गेला. सहा वर्षं रेटून सांगितलेली थाप कशी कोण जाणे खरी निघाली होती. आता साडूसमोर ताठ मानेनं बोलता येणार होतं.

साडू दारातच बाजेवर बसला होता, दोन दिवस आधीच. हरिओमनं ऐटीत गाडी अंगणात वळवली, आणि शहादेवच्या समोर येऊन ती दोन आचके देऊन बंद पडली.

"दारातच बंद पडती की ओ साडूभाव," शहादेव म्हणाला.

"पेट्रोल संपलं. अर्ध्या लिटरात कपिलधारच्या फाट्यावून आलोय. शहात्तर देती. सायबानं मोजलंय."

"कंच्या सायबानं?"

"कंपनीच्या."

"भत्ता देनाऱ्या? मंग तो जास्तच सांगनार. त्याला कमी द्यायचं आसतंय."

"आवो, आता खरंच देती."

"आता?" शहादेवनं कप खाली ठेवला. "मंग इतके दिस काय देत व्हती?"

नवऱ्याची बाजू सावरायला दीपमाला पुढं आली. "देती की, दाजी. काल अक्काचा फोन आलता, तुमी आजच येनार म्हनून. सकाळी बगते तर चाकात हवा न्हाई, बिरेक चिकटलेला. हे स्टँडवर गेलते तवर म्हाळूकडून समदी नीट करून घेतली." मग तिनं एक काळा बोळा नवऱ्यासमोर धरला. "आन् फिल्टरमधून हे निघालं. तुमचं बनियन तितं कावून गेलतं?"

खरं सांगावं तर बायकोसमोर पंचाईत, न सांगावं तर साडूसमोर. हरिओम नुसताच गाडीचा आरसा पुसत राहिला.

"सहा वर्सं बनियनवर गाडी चालवली आन् मला पंचाहत्तर सांगत व्हता," शहादेव टोपी झटकत उठला. "इसाराचं तेवढं बगा."

लाल गाडी शोरूममध्येच राहिली. दोन-तीन दिवसांनी हरिओम पंपावर रांगेत उभा होता. स्वतःच्याच बेतापायी घटलेल्या भत्त्यात पेट्रोल भरायचं म्हणजे जिवावर आलं होतं. मागच्या शेतकऱ्यानं त्याची गाडी न्याहाळली.

"किती देती ओ?"

शहात्तर हा आकडा हरिओमच्या ओठांपर्यंत आला. खरा होता, मोजलेला होता. पण शहादेवचा चेहरा आठवला आणि त्यानं तो गिळून टाकला.

"पन्नास," तो म्हणाला.

शेतकऱ्यानं त्याच्याकडे आदरानं पाहिलं. "आजवर लई जनांना इचारलं, पाव्हणं. खरं सांगनारा तुमीच पयले भेटलात."

हरिओमनं मान हलवली आणि टाकीचं झाकण उघडलं.