वसूदादांचा डावा-उजवा

वसूदादांकडे चहाला गेलात तर ते तुम्हाला बसा म्हणत नाहीत, ते तुम्हाला लावतात. खांदे धरून दिवाणखान्यातल्या एका ठरावीक खुर्चीत ठेवतात, हनुवटी जराशी वर करतात, मागे सरकून डोळे बारीक करून बघतात आणि बजावतात, "आता डोकं हलवायचं नाही. हललात की ट्रम्पेटवाला सोफ्यात जाऊन पडेल."

दादा आमचे शेजारी. झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, म्हणून हे मी अधिकाराने सांगते. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. आरती मराठीत म्हणतात आणि भाजीवाल्याशी हिंदीत भांडतात. पण जॅझ? ते त्यांच्या घराण्यात कुणी ऐकलं नव्हतं. दादा नोकरीला नवे लागले तेव्हा रेल्वे कॉलनीतले एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. सामानात जागा नाही म्हणून त्यांनी तबकड्यांचा एक खोका दादांच्या सायकलच्या कॅरियरवर बांधून दिला.

"घरी आणून लावली," दादा सांगतात, "तर जो तो आपल्या मनाला येईल तसं वाजवतोय आणि तरी सगळे एकाच वेळी मुक्कामाला पोचताहेत! झालं, बिघडलो."

तेव्हापासून त्यांचे दोन स्पीकर म्हणजे घरातले दोन कर्ते पुरुष. डावा खिडकीजवळ, उजवा देवघराच्या बाजूला. सॅक्सोफोन डावीकडून यायचा, ड्रम उजवीकडून आणि गाणारी बाई बरोबर मधे, टीपॉयवर. तिथे चहाचा कप ठेवलेला दादांना खपत नसे. "अहो, तिच्या पायावर ठेवताय!"

मे महिन्यात झाशीत माणूस भाजून निघतो, पण तबकडी लागली की दादा पंखा बंद करतात; त्याची घरघर ऐकू येते म्हणून. मग घामाने निथळणाऱ्या माणसाला विचारतात, "हवा जाणवली? सॅक्सोफोनमधली हवा?" एकदा आमचे हे म्हणाले, "दादा, हवाच तर नाहीये." त्यांना पुढे बरेच दिवस बोलावणं आलं नाही. दूधवाला मात्र दारातूनच काळजीने विचारतो, "काए साब, रेडुआ बिगर गओ का?"

तबकड्या ते खुशीने वाटतात. ऐकायला न्या, पण काठाला धरा, पोटाला हात लावू नका. सर्वांत जास्त तबकड्या जायच्या सक्सेनाजींकडे. सक्सेनाजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, तेही आता निवृत्त. दर रविवारी सकाळी ते यायचे आणि दोघं कडाकडा भांडायचे. सक्सेनाजी एरवी फोनवरून संगीत लावणाऱ्यांतले; तबकड्या न्यायचे ते त्यांतली चरचर मोजायला.

"वसंत जी, आपके रिकॉर्ड में संगीत कम, पापड़ ज़्यादा तले जाते हैं!"

"और आपका फोन? पॅकेट का दूध! मलई कहाँ है?"

मी या बैठकीला जायची ती खरं तर सुधावहिनींच्या थालीपिठासाठी. जॅझ मला आपोआप येत गेलं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सक्सेनाजी पिशवी भरून आले. नेलेल्या सगळ्या तबकड्या त्यांनी परत आणल्या होत्या. घरात रंगसफेदी चाललीय, खराब होतील, असं म्हणाले. भांडले नाहीत. दादांनी मुद्दाम फोनवाल्यांचा उद्धार केला, तरी नुसते हसले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. दादांनी मग स्कूटर काढली आणि त्यांच्या घरी जाऊन आले.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले तर दिवाणखान्यात एकच स्पीकर! उजवा आतल्या खोलीत गेला होता आणि त्याच्यावर वहिनींची शिवणाची टोपली बसली होती.

"दादा, हे काय? बिघडला का?"

"स्टेरिओ म्हणजे थोतांड आहे, माधुरी," दादा गरजले. "एका खोलीत एक बँड वाजतो. तो दोन पेट्यांत चिरायचा कशाला? माणूस आहे की कलिंगड? खरा आवाज मोनोचा, अख्खा बँड एकाच पेटीत!"

ज्या माणसाने आयुष्यभर माझी हनुवटी सरळ केली, तो हे बोलत होता. मी खूप हसले, टोमणेही मारले. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन लावला. "सक्सेनाजी, फौरन आइए. मैंने पार्टी बदल ली है. आकर ग़लत साबित कीजिए."

सक्सेनाजी आले. दादांनी त्यांना खांदे धरून बसवलं, पण खुर्ची तिरपी होती, डावी बाजू स्पीकरकडे. स्वतः स्टूल ओढून त्यांच्या डावीकडेच बसले. बोलायचे ते तिकडूनच. मी उजवीकडून सक्सेनाजींना थालीपीठ विचारलं, त्यांनी लक्षच दिलं नाही. दादांनी मला डोळ्यांनी दटावलं.

स्वयंपाकघरात वहिनी हळूच म्हणाल्या, "ताप आला होता गं त्यांना. उठले तर उजवा कान गेलेला. डॉक्टर म्हणाले, आता यायचा नाही. कुणाला सांगितलं नाही त्यांनी. यांच्यापुढे रडले म्हणे. म्हणाले, आधा बैंड चला गया, वसंत जी."

बाहेर तबकडी लागली. मग सक्सेनाजींचा आवाज चढला, "अरे, इसमें तो ड्रम बिल्कुल सामने आ गया! पर यह पापड़ भी सामने आ गए!"

"पापड़ नहीं, इतिहास है!" दादा ओरडले.

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि तव्यावर दुसरं थालीपीठ थापलं.

तेव्हापासून रविवार पूर्ववत सुरू आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला दादा मोनोचं माहात्म्य इतक्या आवेशाने सांगतात की कानपूरच्या एका शौकिनाने म्हणे आपलाही एक स्पीकर काढून ठेवला. सक्सेनाजींना यातलं किती कळलंय, मी विचारलेलं नाही.

परवा दुपारी दादा ओट्यावर मटार सोलत बसले होते. मीही शेजारी बसून सोलू लागले.

"दादा, खरं सांगा. दोन्ही स्पीकरवर ऐकावंसं वाटत नाही?"

"ऐकतो की. सुधा भजनाला गेली की काढतो आतला बाहेर."

"मग?"

त्यांनी एक शेंग उघडली, दाणे पातेल्यात टाकले.

"सुंदर वाजतं गं," ते म्हणाले. "पण चूक आहे म्हणणारं कुणी नसतं. अर्ध्यातच बंद करतो."